मदत कोठे, गरज कोठे?

पुण्याहून पश्चिमेकडे निघाले, की सुमारे तीस किलोमीटरवर पौड हे गाव लागते. मुळशी तालुक्याची तहसील कचेरी येथे आहे. पौडच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागतात. मग मुळा नदीवरचे मुळशी धरण आणि त्याचा लांबच लांब पसरलेला जलाशय दिसतो. वीज निर्माण करण्यासाठी टाटांनी हे धरण बांधले. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. जलाशयाच्या काठाने आणि ताम्हिणी घाटाच्या बाजूला लहान लहान वाड्या व वस्त्या आहेत. पावसाळ्यात त्यांच्यातील काहींपर्यंत पोहोचणे एरवीही कठीण असते.

याच तालुक्याच्या पूर्वेकडील टोकाला हिंजवडी आहे. तेथे माहिती तंत्रज्ञानाच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. काचेच्या उंच इमारतींत बसून हजारो माणसे दूरदेशच्या बँकांचे आणि दुकानांचे हिशेब संगणकावर सांभाळतात. एकाच तालुक्यात एका बाजूला हे सारे, आणि दुसऱ्या बाजूला डोंगराआड गेले की दूरध्वनीलाही संपर्क न मिळणारी वस्ती!

समजा, एखाद्या पहाटे या भागात मोठा भूकंप झाला. तर हिंजवडीतील संगणकांचा डोंगरातल्या त्या वस्तीला काही उपयोग होईल का? उत्तर 'हो' असे आहे. पण ते आपोआप 'हो' होत नाही. कसे, ते समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

मुळशीपासून दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर कोयनानगर आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तेथे मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. दख्खनचे पठार म्हणजे अगदी भक्कम खडक, येथे कसला भूकंप, असे तोपर्यंत अनेकांना वाटत असे. तो समज कोयनेने हलवला, पण पुरता मोडला नाही. तो मोडला लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर.

२९ सप्टेंबर १९९३ ला गणेश विसर्जन झाले. लोक रात्री उशिरा घरी येऊन झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत कोसळली. भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी होती. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ झाले आहेत. परंतु येथील घरांच्या भिंती दगड आणि मातीच्या, चांगल्या रुंद होत्या आणि वर मातीचे जड धाबे होते. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरेच झोपलेल्या माणसांवर पडली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे मरण पावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

बातमी पसरताच सारा महाराष्ट्र मदतीला धावला. सैन्य आले, पोलीस आले, डॉक्टर आले. शाळा-महाविद्यालयांतले तरुण आले. मंदिरे, मशिदी, गुरुद्वारे, व्यापारी मंडळे आणि सेवाभावी संस्था यांनी धान्य, कपडे, भांडी पाठवली. कोणाला मन नव्हते असे नाही, आणि साधनेही थोडी नव्हती. तरीही अडचणी आल्या. मदतीच्या गाड्यांबरोबर नुसते पाहायला आलेल्यांच्या गाड्यांचीही रस्त्यांवर गर्दी झाली. ज्या गावांची नावे वर्तमानपत्रांत आली आणि जी मोठ्या रस्त्यावर होती, तेथे मदतीचा ओघ लागला. आडवाटेच्या गावांना मात्र वाट पाहावी लागली. जुन्या कपड्यांचे ढीग इतके साठले, की ते कोठे ठेवावेत हाच प्रश्न पडला. ज्याला तंबू हवा होता त्याच्या हाती साडी पडली, ज्याला औषध हवे होते त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा. देणाऱ्यांचे मन मोठे होते, पण घेणाऱ्याला काय हवे हे त्यांना कळत नव्हते.

माहिती किती मोलाची असते, हे सांगणारी एक घटना त्या वेळी घडली. एका गावातील आईवडिलांनी जवानांना सांगितले, की आमची दीड वर्षाची मुलगी अजून सापडलेली नाही. मुलगी जिवंत असेल अशी आशा कोणालाच नव्हती. निदान तिचा देह मिळावा एवढेच त्यांचे मागणे होते. जवानांनी त्या घराचा ढिगारा उपसला. मुलगी लोखंडी खाटेखाली सापडली, ती जिवंत! भूकंप होऊन शंभराहून अधिक तास उलटले होते. त्या जवानांच्या हाती कोणतेही नवे यंत्र नव्हते. 'या घरात, या ठिकाणी एक माणूस राहिले आहे' एवढी खबर मात्र होती.

अशी खबर एका घराची असेल, तर तोंडी सांगून भागते. पन्नास गावांची आणि हजारो घरांची असेल तर? तेथे नोंद हवी. आणि नोंद एकाच्या वहीत असून चालत नाही. ती सर्वांना दिसली पाहिजे.

१९९३ साली हे अवघड होते. आपल्या देशात मोबाईल दूरध्वनी आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट ही दोन्ही १९९५ साली आली. किल्लारीत प्रत्येक संस्थेची आपापली वही होती. एका संस्थेने एका गावातील दोनशे कुटुंबांची यादी केली, की दुसऱ्या दिवशी दुसरी संस्था येऊन त्याच कुटुंबांना तेच प्रश्न विचारी. घर पडलेल्या, माणूस गमावलेल्या बाईला तेच तेच पुन्हा सांगावे लागणे, हाही एक जाच आहे. यावर शासनाने एक चांगला मार्ग काढला. कोणते गाव कोणत्या संस्थेने उभारायचे, हे वाटून दिले. निराधार झालेल्या मुलांचाही प्रश्न होता. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणून वाघोली येथे त्यांच्या शिक्षणाची सोय केली. एवढी मुले एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची, तर प्रत्येकाचे नाव, गाव, जिवंत असलेले नातेवाईक यांची चोख नोंद हवी. तेथे चूक झाली तर एखादे मूल आपल्या माणसांना कायमचे मुकेल.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात केवळ घरे बांधली गेली नाहीत. पुढच्या संकटाची तयारी म्हणून मंत्रालयातील नियंत्रण कक्ष आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेऱ्या उपग्रहाच्या साहाय्याने जोडण्याचे काम झाले. पुण्याच्या 'यशदा' या संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे केंद्र सुरू झाले. जमिनीवरच्या तारा तुटल्या तरी आकाशातून संदेश जावा, हा यातला विचार होता.

तो विचार किती योग्य होता, ते २६ जानेवारी २००१ रोजी कळले. त्या सकाळी गुजरातमधील कच्छ भूकंपाने उद्ध्वस्त झाला. भूजचे रुग्णालयच कोसळले. दूरध्वनी बंद पडले. अशा वेळी हौशी बिनतारी संदेशवाहक, ज्यांना 'हॅम' म्हणतात, आपली छोटी यंत्रे आणि बॅटऱ्या घेऊन तेथे गेले आणि त्यांनी निरोप पोहोचवले. कच्छमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ती मला यंत्रांपेक्षाही महत्त्वाची वाटते. तेथील काही सेवाभावी संस्था आधीच्या, १९९८ च्या चक्रीवादळानंतर एकत्र आल्या होत्या आणि 'अभियान' या नावाने काम करत होत्या. भूकंपानंतर त्यांनी गावांच्या गटागटांसाठी केंद्रे उघडली. पुढे या केंद्रांना 'सेतू' हे नाव मिळाले. गावात काय हवे याची माहिती केंद्राने गोळा करायची, आणि बाहेरून आलेल्या संस्थेला ती द्यायची. संकट येण्यापूर्वीच या संस्थांची एकमेकींशी ओळख होती, म्हणून हे जमले. ओळख नसलेली माणसे संगणक समोर ठेवला म्हणून एकमेकांवर विश्वास ठेवू लागत नाहीत.

आता संगणक या कामात नेमके काय करतो, ते पाहू. एका मोठ्या फळ्याची कल्पना करा. तो फळा पौडच्या कचेरीत आहे, पुण्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, रुग्णालयात आहे, आणि गावात गेलेल्या स्वयंसेवकाच्या हातातल्या मोबाईलवरही आहे. कोणीही एका ठिकाणी लिहिले, की ते सर्वत्र उमटते. एका वस्तीतून मागणी आली: चौदा कुटुंबांना ताडपत्री हवी. त्या मागणीला लगेच एक क्रमांक मिळतो आणि वेळ नोंदली जाते. एक संस्था त्या क्रमांकासमोर लिहिते, 'आम्ही पाठवतो.' आता दुसरी संस्था तीच ताडपत्री घेऊन तिकडे धावणार नाही. ती पुढची मागणी उचलेल. ताडपत्री पोहोचली, की वस्तीतलाच माणूस 'मिळाली' असे कळवतो आणि मगच ती मागणी बंद होते. 'पाठवली' म्हणजे 'मिळाली' नव्हे. वाटेत पूल खचला असेल, तर गाडी अर्ध्या रस्त्यात उभी असते आणि कागदावर मात्र काम झालेले दिसते. म्हणून शेवटचा शब्द घेणाऱ्याचा असावा लागतो.

या फळ्यावर सर्वांत उपयोगी काय दिसते, सांगू? रिकाम्या जागा. ज्या गावातून शंभर मागण्या आल्या, तेथे निदान कोणीतरी बोलायला शिल्लक आहे. ज्या गावातून एकही निरोप आला नाही, त्याची काळजी आधी करायला हवी. नकाशावर असे मुके गाव लगेच ओळखता येते. वह्यांच्या ढिगात ते हरवून जाते.

अशी पद्धत जगात वापरली गेली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतील संगणक तज्ज्ञांनी काही आठवड्यांत 'सहाना' नावाची प्रणाली तयार केली. सिंहली भाषेतील या शब्दाचा अर्थ दिलासा. हरवलेली माणसे, छावण्या, संस्था आणि मागण्या यांच्या नोंदी तीत ठेवता येत. तिच्यासाठी पैसे द्यावे लागत नव्हते. पुढे २००५ साली पाकिस्तानातील मोठ्या भूकंपानंतरही ती वापरली गेली. २०१० साली हैती देशात भूकंप झाला, तेव्हा राजधानीचा नीट नकाशाच हाताशी नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहाची छायाचित्रे पाहून रस्ते आणि छावण्या यांचा नकाशा काढला. २०१५ साली नेपाळमध्ये तसेच झाले. आपल्या देशातही २००३ साली आपत्ती साधनसामग्रीची एक राष्ट्रीय यादी संगणकावर करण्यास सुरुवात झाली. कोणत्या जिल्ह्यात यारी म्हणजे क्रेन कोणाकडे आहे, लोखंड कापण्याचे यंत्र कोठे मिळेल, होडी कोणाची आहे, हे तीत नोंदलेले असावे असा हेतू होता. मात्र अशी यादी जुनी झाली की फसवते. ज्या माणसाचा क्रमांक लिहिला, तो गाव सोडून गेलेला असतो. आणि हे भूकंपाच्या रात्री कळते!

नावांची गंमत यात फार आहे. गंमत म्हणतो, पण तिने जीवही जाऊ शकतो. 'आंबेगावला मदत हवी' असा निरोप पुण्यात आला, तर गाडी कोठे पाठवायची? पुणे जिल्ह्यात आंबेगाव नावाचा एक तालुका आहे. शिवाय पुणे शहरात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आहे आणि आंबेगाव खुर्दही आहे. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. 'बुजुर्ग' या फारसी शब्दाचे मराठीत 'बुद्रुक' झाले. 'खुर्द' म्हणजे लहान. एवढा एक शब्द निरोपातून गळला, तर गाडी भलत्याच गावी जाईल. म्हणून संगणकात गावाच्या नावाबरोबर जनगणनेत त्या गावाला दिलेला क्रमांक लिहितात. क्रमांक दोन गावांचा एक नसतो.

माणसांच्या नावांचेही तसेच. तुम्ही आपले नाव उर्दूत लिहिता, मराठीत लिहिता, इंग्रजीतही लिहिता. तीनही ठिकाणी ते अगदी सारखे उमटते का? एक जण महंमद लिहितो, दुसरा मुहम्मद, तिसरा मोहम्मद. रुग्णालयाच्या यादीत एक रूप असेल आणि हरवलेल्यांच्या यादीत दुसरे, तर संगणकाला ती दोन वेगळी माणसे वाटतील. बाप रुग्णालयात बरा होत असेल आणि मुलगा छावणीत रडत असेल. यावर उपाय म्हणजे नावाबरोबर वडिलांचे नाव, वय आणि गावही नोंदवणे, आणि मिळतीजुळती नावे माणसाने डोळ्यांनी तपासणे. मात्र एकट्या पडलेल्या मुलांच्या अशा याद्या सर्वांना खुल्या ठेवत नाहीत. नातेवाईक म्हणून कोणीही यावे आणि मूल घेऊन जावे, असे होऊ नये.

आपण पुन्हा मुळशीकडे येऊ. भूकंप केव्हा होईल हे कोणीही सांगू शकत नाही. परंतु झालाच, तर येथे कोण कोण कामाला लागेल, हे आज सांगता येते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्यातील कामाची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. तालुक्यात तहसीलदार पाहतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी शेजारच्या मावळ तालुक्यात सुदुंबरे येथेच आहे. ही मुळशीची मोठीच सोय. धरणाला तडा गेला नाही ना, हे धरण सांभाळणाऱ्यांनी प्रथम पाहायचे आणि कळवायचे. वनखाते, पोलीस, ग्रामपंचायती, पिरंगुटचे कारखाने, हिंजवडीच्या कंपन्या असे आणखी किती तरी. प्रत्येकाचा साहेब वेगळा, प्रत्येकाची नोंदवही वेगळी. हे सर्व एका फळ्यावर यायचे, तर कोणी काय लिहायचे आणि कोणी काय पाहायचे, हे आधी ठरायला हवे. रंगीत तालीमही व्हायला हवी. हिंजवडीतील अभियंते येथे खरे उपयोगी पडतील, पण भूकंपानंतर नव्हे, आधी. भूकंपानंतर त्यांच्या इमारतींनाही वीज नसेल आणि घाटातील मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपतील. म्हणून चांगली प्रणाली संपर्क तुटला तरी मोबाईलमध्येच नोंद करून ठेवते आणि संपर्क येताच पुढे पाठवते. बोलणे होत नसेल तेव्हाही लहानसा लेखी संदेश पुष्कळदा जातो, कारण त्याला जागा कमी लागते. तेही नसेल तर पोलिसांचे बिनतारी यंत्र आहे. आणि काहीच नसेल तर कागदावर लिहून धावत जाणारा माणूस आहे.

मुळशीच्या डोंगरात एक अडचण वेगळीच आहे. गावाच्या यादीत गाव असते, वस्ती नसते. धनगरवाडा किंवा कातकरी वस्ती मूळ गावापासून दूर, एखाद्या सोंडेवर असते. संगणकात गावासमोर 'मदत मिळाली' असे लिहिले जाईल आणि वस्तीत कोणी गेलेलेच नसेल. अशा वस्त्यांचे ठिकाण अक्षांश-रेखांशासह आधीच नकाशावर घातले, तरच त्या दिसतील. हे काम तेथे राहणाऱ्यांनाच नीट जमते.

पुणे जिल्ह्यातच ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीतील माळीण गावावर दरड कोसळली. तो भूकंप नव्हता, पण एक गाव चिखलाखाली गेले होते. १५१ माणसे मरण पावली. ही खबर प्रथम एस.टी. बसच्या चालकाने दिली. रोजच्या रस्त्याने तो बस घेऊन आला, तर नेहमी दिसणारे गाव जागेवर नव्हते. गाव त्याच्या ओळखीचे होते, म्हणून ते नसल्याचे त्याला कळले. पुढे प्रतिसाद दल आले, यंत्रे आली. त्या सर्वांची सुरुवात एका माणसाने जे पाहिले ते कळवले, तेथून झाली.

तेव्हा निरोप कसा द्यावा, हे शिकून ठेवण्यासारखे आहे. 'आमच्या गावात फार नुकसान झाले आहे, लवकर मदत पाठवा' या निरोपाने ऐकणारा घाबरतो, पण गाडीत काय भरावे हे त्याला कळत नाही. आता दुसरा निरोप पाहा: 'मुळशी तालुका, जलाशयाच्या पश्चिम काठावरची वस्ती. घरे चौदा, पैकी नऊ पडली. जखमी सहा, त्यांत दोघांना उचलून न्यावे लागेल. एक आजोबा ढिगाऱ्याखाली आहेत, आवाज येतो. पाणी आहे, अन्न उद्यापर्यंत पुरेल. रस्ता दरडीने बंद आहे, होडीने येता येईल. हे मी स्वतः पाहिले, वेळ सकाळी सव्वासहा.' यात आधी कोणाला पाठवायचे, काय न्यायचे, काय न्यायचे नाही आणि कोणत्या वाटेने जायचे, हे सारे आले. पौडच्या कचेरीत निरोप घेणाऱ्याला यानंतर एवढेच विचारावे लागेल: 'तुझे नाव काय, आणि याच क्रमांकावर तुझ्याशी पुन्हा बोलता येईल ना?'